वैनगंगेचा राक्षस

राक्षसी कुत्रा तयार करायची कृती एकदम सोपी आहे. एक साधा लांडगा घ्या. त्याला घोड्याएवढा करा. डोळ्यांत लाल दिवे बसवा, सुळे दोन-दोन इंच वाढवा, अक्कल माणसाएवढी द्या आणि दयामाया काढून घ्या. एकटा सोडू नका, झुंडीने सोडा. रात्र असावी, जंगल असावं, दुरून ओरडण्याचा आवाज यावा. झाला तयार! मेसच्या वरणाला यापेक्षा जास्त मेहनत लागते.

टॉल्किनचे वॉर्ग याच कृतीने झाले आहेत. १९३७ च्या 'हॉबिट'मध्ये ते पहिल्यांदा आले. हे लांडगे आपसात स्वतःच्या भाषेत बोलतात आणि गॉब्लिनांशी त्यांची युती असते. २००२ च्या 'टू टॉवर्स' सिनेमात त्यांची स्वारी सगळ्यांनी बघितली असेलच, होस्टेलमध्ये कोणाच्या ना कोणाच्या हार्ड डिस्कवर तो असतोच. टॉल्किन हा भाषांचा प्राध्यापक, त्यामुळे त्याने नावसुद्धा हवेतून काढलेलं नाही. जुन्या नॉर्स भाषेत 'वार्ग्र' म्हणजे लांडगा आणि 'वार्ग्र' म्हणजे गुन्हा केल्यामुळे समाजाबाहेर हाकललेला माणूससुद्धा. अशा माणसाला कोणीही मारलं तरी चालायचं. जनावर आणि बहिष्कृत, दोघांना एकच शब्द! हा शब्द जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच्या आधीचेही आहेत. ग्रीकांचा तीन डोक्यांचा सर्बेरस, ज्याला रोलिंगबाईंनी 'फ्लफी' असं लाडाचं नाव देऊन हॅरी पॉटरच्या पहिल्या भागात दारावर बसवलं. नॉर्स लोकांचा बांधून ठेवलेला फेन्रिर. शेरलॉक होम्सचा बास्करव्हिलचा कुत्रा, ज्याच्या तोंडाला शेवटी फॉस्फरस फासलेला निघाला. आणि अलीकडचे 'गेम ऑफ थ्रोन्स'चे डायरवुल्फ. डायरवुल्फ हा प्राणी मुळात खरा होता, अमेरिकेत राहायचा आणि हजारो वर्षांपूर्वी संपला. २०२५ साली तिथल्या कोलोसल नावाच्या कंपनीने जाहीर केलं की आम्ही डायरवुल्फ परत आणला. बऱ्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं की हे जीन बदललेले साधे लांडगेच आहेत. पण फोटो जगभर फिरला. आमच्या विंगमध्ये तर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

आता आपल्याकडे बघा. राक्षसांची आपल्याकडे काही कमी नाही. दहा डोक्यांचा आहे, सहा महिने झोपणारा आहे, रक्ताच्या थेंबातून परत उगवणारा आहे. पण राक्षसी कुत्रा? मला तरी आठवत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसलेले, ते चार वेद. खंडोबाबरोबर कुत्रा, भैरवाचं तर वाहनच कुत्रा. युधिष्ठिर कुत्र्यासाठी स्वर्ग सोडायला तयार झाला. यमाचे दोन कुत्रे आहेत, ऋग्वेदात त्यांना चार-चार डोळे सांगितलेत, दिसायला भयंकर असतील. पण तेही वाटेवरचे राखणदारच, म्हणजे एक प्रकारचे वॉचमन. आमच्या गेटवरच्या काकांनाही रात्री साडेनऊनंतर चार डोळे फुटतात, त्यामुळे मला त्यांचं काही विशेष वाटत नाही.

मग आपल्याकडे राक्षसी कुत्रा नाहीच का? एक आहे. तो आपल्या लोकांनी बनवला नाही, पण राहतो आपल्याच नदीवर.

रुडयार्ड किपलिंगचं 'सेकंड जंगल बुक' १८९५ मध्ये आलं. त्यात 'रेड डॉग' नावाची गोष्ट आहे. मोगली मोठा झालाय, शेरखान केव्हाच मेलाय, सिवनीच्या जंगलात सगळं शांत आहे. आणि एका रात्री एक जखमी, एकटा लांडगा लंगडत येतो आणि सांगतो की 'ढोल' येत आहेत. ढोल म्हणजे तांबडे रानकुत्रे. त्यांनी त्याची मादी आणि पिल्लं मारलेली असतात. शंभर झाल्याशिवाय हे ढोल स्वतःला टोळी म्हणवूनच घेत नाहीत आणि वाघसुद्धा त्यांच्यापुढे आपली ताजी शिकार सोडून देतो, असं किपलिंग सांगतो. दोनशे ढोल जंगल चिरत निघालेले आहेत. शेवटी मोगली झाडावर बसून त्यांना चिडवतो, त्यांच्या पायाच्या बोटांमधल्या केसांवरून टोमणे मारतो, म्होरक्याची शेपटी कापतो आणि सगळ्यांना मागे पळवत नदीच्या घळीकडे नेतो. तिथे कड्यांना लाखो मधमाश्या. मोगली नदीत उडी टाकतो, माश्या ढोलांवर तुटून पडतात आणि उरलेल्यांशी लांडग्यांची रात्रभर लढाई होते. म्हातारा अकेला त्यातच मरतो. दोनशेपैकी एकही ढोल परत जात नाही.

गोष्ट म्हणून जबरदस्त आहे. मी सातवीत असताना शाळेच्या लायब्ररीत, सिस्टर जवळपास नाहीत हे बघून, डेस्कखाली धरून वाचली होती आणि अकेला मेला तेव्हा रडले होते. त्या नदीचं नाव पुस्तकात इंग्रजी थाटात 'वेनगुंगा' असं छापलेलं होतं. म्हणजे आपली वैनगंगा! सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटवरून आपल्याकडे येणारी, भंडाऱ्याच्या पुलाखालून जाणारी, पवनीच्या घाटांवरून पुढे सरकणारी. आणि ढोल येतात कुठून? किपलिंग म्हणतो, दख्खनमधून. म्हणजे दक्षिणेकडून. सिवनीला दक्षिणेकडून जायचं तर वाट नागपूर-भंडाऱ्याकडूनच जाते. थोडक्यात काय, गोष्टीतले हिरो मध्य प्रदेशचे आणि राक्षस गेले ते आपल्याकडून!

गंमत म्हणजे किपलिंगने ही गोष्ट लिहिली ती अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून, बर्फातल्या घरात. पण मला त्याचा राग नाही. लेखकाने सगळं बघूनच लिहावं असा नियम केला तर जगातली निम्मी लायब्ररी रिकामी होईल. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती सांगायची वेळ आली ती आमच्या गेममुळे.

झालं असं, की टेक-फेस्टसाठी आमच्या पाच जणांच्या ग्रुपने एक कॉम्प्युटर गेम करायला घेतला. दोघं कोडिंगला, एक जण साऊंडला, एक जण ग्राफिक्सला आणि मी 'स्टोरी'ला. मी कॉन्व्हेंटची असूनही घरी मराठी पुस्तकं वाचते, हा माझा गुन्हा सगळ्यांना माहीत होता. गेममध्ये नदीपलीकडे एक शापित जंगल आहे, त्यातून एका मुलीला औषध घेऊन परत यायचं आहे. तिसऱ्या लेव्हलला कुत्र्यांसारख्या राक्षसांची झुंड मागे लागते. वॉर्ग वापरायचे नव्हते, कारण चोरी दिसली असती. आपली स्वतःची नवी जात तयार करायची असं ठरलं. मी वहीत गुणधर्म लिहायला घेतले. अंगाचा रंग विस्तवासारखा तांबडा, शेपटी काळी झुपकेदार. भुंकत नाही, शिट्टी वाजवतो. एकटा लहान, पण झुंडीने स्वतःपेक्षा दसपट जनावर पाडतो. मारायच्या आधीच खायला सुरुवात करतो.

कोडिंगवाला म्हणाला, "भारी आहे यार! कुठून सुचलं तुला?"

सुचलं कुठून? मी फक्त रानकुत्र्याचं वर्णन लिहिलं होतं. एक शब्दही वाढवला नव्हता.

शास्त्रीय नाव क्युऑन अल्पायनस. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा हे तिघे 'कॅनिस'वाले, म्हणजे एका आडनावाचे. रानकुत्र्याचं आडनावच वेगळं. आपल्या पाळीव कुत्र्याला बेचाळीस दात असतात, याला चाळीस, खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एक-एक दाढ कमी. वजन साधारण बारा ते अठरा किलो. होय, अठरा! आपल्या मेसमागे झोपणारी 'व्हायवा' त्यापेक्षा जड असेल. (तिचं नाव व्हायवा का, तर ती समोर आली की भल्याभल्यांची बोलती बंद होते.) आणि एवढासा प्राणी टोळीने सांबर पाडतो. मोठा सांबर नर दोनशे किलोंच्या वर जातो.

शिट्टीचं तर मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. दाट जंगलात पाठलाग करताना टोळी पांगते. मग ते शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना शोधतात आणि पुन्हा जमतात. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी यावर एक असाइनमेंट सहज काढली असती.

आणि टोळी शंभराची नसते. पाच-दहा, कधी पंधरा-वीस, क्वचित त्याहून मोठी. बहुतेक टोळ्यांत एकाच मादीला पिल्लं होतात, साधारण हिवाळ्यात. मग सगळी टोळी त्या पिल्लांची आई-मावशी होते. काही जण शिकारीला जातात, कोणीतरी बिळाशी राखण करत थांबतं. शिकारीहून परतलेले पोटातलं मांस ओकून पिल्लांना आणि आईला भरवतात. पिल्लं जरा मोठी होऊन शिकारीवर यायला लागली की आधी पिल्लं खातात आणि मोठे बाजूला उभे राहतात. मेसच्या लाइनमध्ये फर्स्ट इयरला पुढे सोडणारे सिनियर मी अजून पाहायचे आहेत.

मग हा राक्षस झाला कसा? कारण आहे त्याची मारण्याची पद्धत. वाघ-बिबट्या गळा धरतो, जनावर काही मिनिटांत थंड होतं. रानकुत्र्याचा जबडा एकट्याने मोठ्या जनावराचा गळा आवळण्याएवढा नाही. म्हणून टोळी पळणाऱ्या जनावराला मागून, पोटाकडून फाडते. जनावर उभं असतानाच आतडी बाहेर येतात. बघायला भयानक आहे, त्यात खोटं काही नाही. साहेबलोकांना वाघाची शिकार 'रॉयल' वाटायची, कारण वाघ त्यांच्यासारखा एकटा, रुबाबात मारायचा. रानकुत्रा मात्र त्यांना खुनी टोळी वाटला. वर तो 'त्यांची' चितळं-सांबरं खायचा. मग त्याच्यावर बक्षीस लागलं. मेलेला रानकुत्रा आणून दाखवा, पैसे न्या. गोळी, विष, काहीही चाललं. इंग्रज गेले तरी बक्षिसं चालूच राहिली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत. त्या 'वार्ग्र' शब्दाची आठवण ठेवायला सांगितलं होतं ते याच्यासाठी. टॉल्किनच्या पुस्तकातला कायद्याबाहेरचा लांडगा कागदावरचा होता. आपल्याकडे एका खऱ्या जनावराला सरकारी हुकमाने कायद्याबाहेर काढलेलं होतं.

आज जगात पिल्लं देऊ शकतील असे प्रौढ रानकुत्रे किती असावेत? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या २०१५ च्या यादीतला अंदाज आहे ९४९ ते २२१५. संपूर्ण जगात! वरचा आकडा धरला तरी आपल्या गॅदरिंगच्या मैदानात सगळे मावतील. त्यातला मोठा वाटा भारतात आणि त्यातले काही आपल्या नागझिरा, नवेगाव आणि कोका भागात.

माझे मामा साकोली तालुक्यात राहतात. त्यांना गेमचं सांगितलं तर ते हसले आणि त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. "बेटा, कोळसून शेपटीवर मुतते न् हरनाच्या डोऱ्यात उडवते. हरीन आंधरा होते, मंग धरते." ही समजूत फक्त आपल्या झाडीपट्टीतच आहे असं नाही, देशात अनेक ठिकाणी थोड्याफार फरकाने सांगतात. कोणी म्हणतं झुडपांवर मुतून ठेवतात, हरीण तिथून गेलं की डोळे जातात. मला वाटतं याला काहीतरी मूळ असावं. रानकुत्रे हद्दीची खूण करताना कधीकधी चक्क पुढच्या दोन पायांवर उभे राहून, मागचे पाय हवेत करून मुततात. हे कोणी लांबून पाहिलं असेल तर गोष्ट तयार व्हायला कितीसा वेळ लागतो? हा माझा तर्क आहे, कोणी मार्क देऊ नयेत.

पण मामांच्या गोष्टीत आणि साहेबाच्या गोष्टीत मला एक फरक दिसला. मामा पुढे म्हणाले, "माणसाले काही करत नाही जी ते. आमचा बुढा सांगे, कोळसुनानं शिकार केली का गावातले लोक हाकलून मटन घेऊन येत. ते बिचारे दूर जाऊन बसत." मामांच्या गोष्टीत कोळसून लबाड आहे, जादू करणारा आहे, पण शेजारी आहे. त्याच्याकडून मटण आणता येतं!

त्यानंतर डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही पाचही जण कोक्याला गेलो. भंडाऱ्यापासून वीसेक किलोमीटर. अनेकांना आपल्या इतक्या जवळ अभयारण्य आहे हेच माहीत नसतं. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. कोका अभयारण्य २०१३ चं आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात मुक्काम करून राहिले आणि त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्ली नवेगावला वनअधिकारी होते, त्यांचं 'नवेगावबांधचे दिवस' आहे. साहेबाच्या शिकारकथांच्या आधी ही दोन वाचायला मिळाली असती तर बरं झालं असतं. असो.

थंडी अशी होती की जिप्सीत बसून दात वाजत होते. दोन तास चितळं, रानगवा, मोर, पुन्हा चितळं. साऊंडवाला झोपला. आणि एका वळणावर गाइडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. समोर रस्त्यावर एक, मग दोन, मग गवतातून आणखी. सात मोजले मी. उन्हात रंग तांब्याच्या नव्या भांड्यासारखा दिसत होता. कान गोल, आतून पांढरे. एकाने आमच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता आणि भीतीही नव्हती, आम्ही म्हणजे वाटेतला एक दगड. दोघं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, एकाने दुसऱ्याची शेपटी ओढली. मग गवतातून बारीक शिट्टी आली. खरंच शिट्टी, हळू आवाजातली. सगळ्यांचे कान एकदम तिकडे वळले आणि दहा सेकंदांत रस्ता रिकामा. साऊंडवाला जागा झाला तेव्हा विचारत होता, "शिट्टी कोणी मारली?"

परत येताना गाइडदादांना मी विचारलं, यांना धोका कशाचा? मला वाटलं वाघाचा म्हणतील. वाघ रानकुत्र्यांना मारतो हे खरं आहे, शिवाय २०२३ मध्ये ब्रम्हपुरीकडून वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या होत्या. ते म्हणाले, "वाघाचं त्यायले सवय आहे मॅडम. आम्हाले भेव आहे गावातल्या कुत्र्यायचं." गावातले आणि हायवेच्या ढाब्यांवरचे मोकाट कुत्रे जंगलात शिरतात. त्यांच्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर रानकुत्र्यांच्या टोळीला लागू शकतो. टोळीत सगळे एकमेकांना चाटतात, ओकलेलं खातात, त्यामुळे एकाला लागलं तर इतरांना वाचवणं कठीण. वर आणखी एक अन्याय. मोकाट कुत्र्यांनी कोणाची शेळी फाडली की बोट रानकुत्र्याकडे जातं, कारण नावातच कुत्रा आहे. करतो व्हायवाचा भाऊबंद, नाव येतं कोळसुनाचं!

आता तक्रारीकडे येते. सोमवारी ग्रुपची मीटिंग झाली. राक्षसाचं चित्र तयार होतं, हुबेहूब कोका रिटर्न, फक्त डोळे लाल. आणि कोडिंगवाल्याने त्याचं नाव टाकलं होतं 'कोळसून'. त्याला मामांचा शब्द आवडला होता.

मी म्हटलं, "नाव बदल."

"का? मस्त आहे की. लोकल टच! आणि कोणाला माहीतच नाही हा शब्द."

"कोणाला माहीत नाही म्हणूनच बदल."

जोरदार भांडण झालं. त्याचं म्हणणं, गोष्टी अशाच असतात, व्हिलन लागतोच. शेरखान व्हिलन आहे म्हणून कोणी वाघाचा द्वेष करतं का? मुद्दा चांगला होता, मला रात्रभर विचार करावा लागला. उत्तर असं सापडलं. वाघाला शेरखान परवडतो. वाघाच्या शंभर गोष्टी आहेत, तो देवीचं वाहन आहे, नोटांवर आहे, टी-शर्टवर आहे. आपल्या भागातला 'जय' वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून उमरेड-करांडल्याला गेला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला, तेव्हा पेपरात रोज बातमी होती. एका गोष्टीत वाईट ठरला तरी वाघाची इतर नव्व्याण्णव गोष्टींत भरपाई होते. कोळसुनाची गोष्टच मुळी एक. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या माझ्यासारखीला ती किपलिंगकडून मिळाली. टेक-फेस्टला येणाऱ्या पोरांना ती आमच्या तिसऱ्या लेव्हलकडून मिळाली असती. त्यांनी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असता तो मारायच्या वस्तूचं नाव म्हणून, आणि प्रत्येक मेलेल्या कोळसुनामागे दहा पॉइंट. सरकारी बक्षिसात आणि यात फरक काय? आमचे पॉइंट कॅन्टीनमध्ये चालत नाहीत, एवढाच.

त्याला मी एक गोष्ट छापून दिली होती. २०२१ मध्ये संशोधकांनी सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली एक नोंद प्रसिद्ध केली. तिथे एक एकटा लांडगा रानकुत्र्यांच्या टोळीबरोबर दिसला. ज्या सातपुड्याच्या रांगांत किपलिंगचा एकटा लांडगा 'ढोल आले' म्हणून जीव घेऊन पळत येतो, त्याच रांगांत खरा एकटा लांडगा त्यांच्यात जाऊन मिसळला. ही गोष्ट मला सुचली असती तर मी फेस्टला दिली असती, पण मला सुचली नाही, ती जंगलात घडली.

शेवटी मतदान झालं, तीन विरुद्ध दोन. नाव बदललं. आता त्या जातीचं नाव आहे 'काळझुंड' आणि ती पूर्णपणे खोटी आहे. रंग कोळशासारखा काळा, पाय सहा, उंची बैलाएवढी. ग्राफिक्सवालीने सहा पाय पळताना दाखवायला आठवडा घालवला आणि त्याबद्दल ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. शिट्टीच्या बाबतीत मात्र माझं कोणी ऐकलं नाही. साऊंडवाला म्हणाला, शिट्टी काढली तर मी ग्रुप सोडतो. तेव्हा काळझुंड अजून शिट्टीच मारते. लेव्हल संपल्यावर पडद्यावर चार सेकंद एक फोटो येतो, कोक्याच्या रस्त्यावरचा, आणि खाली एवढंच लिहिलंय: 'ही शिट्टी याची आहे. हा कोळसून. भंडाऱ्यापासून २० किमी.' फेस्टच्या दिवशी बऱ्याच जणांनी तिथे गेम थांबवून विचारलं की हा कोण. बाकीच्यांनी स्पेसबार दाबून पुढची लेव्हल सुरू केली.

आणि एक काम अर्धं राहिलंय, ते सांगून थांबते. आपल्या दोन होस्टेलच्या आणि मेसच्या मागे मिळून नऊ कुत्रे आहेत. मेसचं उरलेलं खाऊन मजेत आहेत, आणि रात्री हायवे ओलांडून कुठे जातात ते त्यांनाच माहीत. वॉर्डन मॅडमच्या परवानगीने आम्ही वर्गणी काढली आणि गावातल्या पशुवैद्यक डॉक्टरांना बोलावलं. नऊपैकी सहांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचून झाली. व्हायवाने डॉक्टरांना पूर्ण अर्धा तास पळवलं, पण शेवटी ब्रेड-ऑम्लेटला फसली. तीन राहिलेत: बॉइज होस्टेलच्या जिन्याखाली झोपणारा लंगडा, त्याच्याबरोबरची पिवळी आणि वर्कशॉपमागचा काळा. काळा कोणाच्याच हाताला लागत नाही, पण मेकॅनिकलच्या कोणाच्या तरी हातून तो बिस्किटं खातो असं ऐकलंय. ते जे कोणी असतील त्यांनी कृपया रात्रीच्या जेवणानंतर मेसच्या मागच्या दाराशी भेटावं. डॉक्टर पुढच्या शनिवारी चार वाजता परत येणार आहेत.